‘बेनाम चौकी’चा अकरावा भाग

१

वाघुळखेड्याच्या प्राथमिक शाळेतले धर्मराज गुरुजी सोमवारी निलंबित होणार होते. आदेश टाइप होऊन तयार होता. त्यावर तारीख टाकायची आणि त्याआधी चौकशी करायची, एवढंच राहिलं होतं. सरकारी कामात हा क्रम कधी कधी असाच लागतो.

गुन्हा असा की त्यांनी टीव्हीवरच्या एका मालिकेबद्दल वाईट लिहिलं होतं.

१९९६ सालचा डिसेंबर होता. दर शुक्रवारी रात्री नऊ ते दहा ‘बेनाम चौकी’ नावाची हेरकथा लागायची. मेजर रणधीर नाव बदलून पलीकडच्या मुलखात शिरतो, नूर नावाचा एक गरीब घडीसाज, म्हणजे घड्याळं दुरुस्त करणारा, त्याला आपल्या घरात लपवतो, आणि पुढे तेरा भाग कोण कोणाला फसवतंय ते आपण बघायचं. मुंबईच्या समीक्षकांनी तिला ‘संयत’ म्हटलं. जालना जिल्ह्याने तिला संयतपणे घेतलं नाही. जुन्या जालन्यातल्या आमच्या साप्ताहिकाकडे एक्केचाळीस पत्रं आली. आष्टीच्या एका आडत्याने मेजरला बरे जोडे घेऊन द्या म्हणून कळवलं, कारण तो बर्फात चपलेवर फिरत होता. मंठ्याच्या निवृत्त हवालदाराने मालिकेतली सलामी चुकीची असल्याचं आकृती काढून दाखवलं. एका बाईंनी लिहिलं की घडीसाजाच्या बायकोला एकदा तरी बोलू द्या, ती तेरा भाग नुसता चहा करून राह्यली.

मालिकेचं परीक्षण धर्मराज गुरुजी लिहीत आणि मी छापत असे. म्हणून चौकशीच्या दिवशी अंकांचं बाड घेऊन मलाही वाघुळखेड्याला बोलावलं होतं. मंठ्यापासून नऊ किलोमीटर.

चौकशीला आल्या होत्या शिक्षण विस्तार अधिकारी द्वारकाबाई. वय सत्तावन्न, निवृत्तीला चार महिने. चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली.

“मी ही मालिका पाहिलेली नाही,” शाळेच्या खुर्चीवर बसत त्या म्हणाल्या. “घरात टीव्ही नाही. त्यामुळे मला मत नाही. तुमच्या गुरुजींनी काय लिहिलं ते वाचा.”

मी अकराव्या भागाचं परीक्षण वाचलं:

“मेजर घडीसाजाच्या घरी जेवला, त्याच्या चुलीजवळ निजला, आणि पकडला गेल्यावर त्याचंच नाव सांगून मोकळा झाला. पुढे घडीसाजाला बेड्या घालून नेताना त्याने मान वळवली, ओळखसुद्धा दाखवली नाही. ज्याला दिवसा ओळख दाखवायची नाही, त्याने रात्री कोणाच्या घरची भाकरी खाऊ नये. याला हेरगिरी म्हणत असतील. आमच्याकडे याला वेगळा शब्द आहे.”

“तो शब्द कोणता?”

“मी कापला,” मी म्हणालो.

“बरं केलंत.” त्यांनी फायलीतून एक कागद काढला. निनावी अर्ज. निनावी अर्जाची दखल घेऊ नये असं परिपत्रक आहे, पण अर्जासोबत छापील कात्रण जोडलेलं असल्यामुळे खात्याला तो अर्धा सनावी वाटला होता. अक्षरं डाव्या हाताने काढल्यासारखी वाकडी होती.

“अर्ज करतो की, येथील शिक्षक धर्मराज हे वर्तमानपत्रात फौजेची बदनामी करतात. त्यांना मालिका बघण्याचीही अक्कल नाही. मेजरसाहेब कैद होतात तेव्हा त्यांच्या गळ्यात लाल मफलर असतो. पुढे घडीसाजाच्या दुकानात ते खाली बसलेले असतात तेव्हा मफलर हिरवा आहे. म्हणजे मेजरसाहेबांनी वेश पालटला आहे, त्यांचा काही बेत आहे, ते विश्वासघातकी नाहीत. हे लहान पोराला समजेल. मास्तरने याबद्दल एक अक्षर लिहिलेले नाही. अशा माणसाच्या हाती आमची लेकरे देऊ नयेत. – एक देशप्रेमी प्रेक्षक.”

“मॅडम, हे खोटं आहे,” मी म्हणालो. “मी जालन्यात कलर टीव्हीवर अख्खा भाग पाहिलाय. मफलर शेवटपर्यंत लालच आहे. मेजरने वेशबिश काही पालटलेला नाही.”

द्वारकाबाईंनी अर्ज पुन्हा वाचला. मग चष्मा काढून पुसला.

“खोटं बोलणारा माणूस मफलरचा रंग कशाला बदलेल?” त्या म्हणाल्या. “यानं जे पाहिलं तेच लिहिलंय. हीच तर अडचण आहे.”

२

वाघुळखेड्यात ‘बेनाम चौकी’ अख्खी कोणीच पाहिली नव्हती.

गावाची विजेची डीपी जुनी होती. रात्री रब्बीच्या मोटारी चालायच्या, त्यात दोन्ही आळ्यांचे दिवे आणि टीव्ही सुरू झाले की फ्यूज उडायचा आणि मेजरसकट सगळं गाव अंधारात जायचं. दुसऱ्याच शुक्रवारी गावाने तोड काढली. अर्धा तास वीज वरच्या आळीला, अर्धा तास खालच्या आळीला. एका शुक्रवारी पहिला अर्धा तास वरच्यांचा, पुढच्या शुक्रवारी खालच्यांचा. वरची आळी म्हणजे सरपंच आणि शेतीवाडीवाले, तिथे कलर टीव्ही एक, सरपंचांच्या अंगणात. खालची आळी म्हणजे बौद्ध वस्ती. तिथेही टीव्ही एकच, धर्मराज गुरुजींच्या घरी. मध्ये एक कोरडा ओढा. उरलेला अर्धा भाग दुसऱ्या दिवशी शाळेच्या मधल्या सुट्टीत पोरं एकमेकांना सांगत, आणि पोरांकडून तो घरोघर जाई.

फ्यूज बदलायचं काम लाइनमन भुजंगाचं. गुरुजींनी एका परीक्षणात त्याला ‘गावचा सेन्सॉर’ म्हटलं होतं, म्हणून द्वारकाबाईंनी आधी त्यालाच बोलावलं.

“राग आला होता का?”

“आल्ता ना बाई,” भुजंग म्हणाला. “पण मी अर्ज कशाला करू? चौकशी लागली तर पह्यले मलाच विचारतील, की बाबा तू कोणाच्या हुकमानं फ्यूज काढून राह्यला. बिलकुल न्हाई. मी तर आजपण भिऊनच आलो.”

“मालिका कशी वाटली?”

“मी कुठं पाह्यली? मी डीपीपाशी. इकडले हसले की इकडं बघायचं, तिकडले वरडले की तिकडं. तेरा शुक्रवार मी नुसता आवाज आयकला.”

“अकराव्या भागाला पहिला अर्धा तास कोणाचा होता?”

“वरच्यांचा. बराबर ध्यानात हाय. मेजर नूरचं नाव घ्यायला आणि मी फ्यूज ओढायला एकच गाठ पडली. वरच्या आळीत अशा शिव्या पडल्या, मला वाटलं मलाच.”

“त्या मेजरला होत्या?”

“दोघांला,” भुजंग म्हणाला.

तो गेल्यावर द्वारकाबाईंनी वहीत एक उभी रेघ मारली. डावीकडे लिहिलं: ‘कैद. लाल. वरची आळी.’ उजवीकडे: ‘दुकान. हिरवा. खालची आळी.’ मग दोन्हींच्या मध्ये ओढा काढावा तशी आणखी एक रेघ मारली आणि तिच्याकडे बघत राहिल्या.

“शाळेचे मुख्याध्यापक कुठे राहतात?” त्यांनी विचारलं.

“मंठ्याला,” मी म्हणालो. “आणि मॅडम, एक सांगायचं राहिलं. त्यांनीही मला परीक्षणं पाठवली होती. सहा.”

“छापली?”

“एकही नाही.”

३

मुख्याध्यापक रखमाजी सर हातात रुमाल धरूनच आले.

“धर्मराज माझ्या लेकरासारखा आहे,” ते म्हणाले. “फक्त त्याला समीक्षा येत नाही. मालिकेला आधी कथानक सांगायचं, मग अभिनय, मग संगीत, मग शेवटी शुभेच्छा. हा आल्या आल्या भाकरीवर येतो.” मग माझ्याकडे बघून, “काही लोकांना भाकरीच छापायला आवडते.”

मी अंकांचं बाड नीट करू लागलो.

“तुम्ही अकरावा भाग कुठे पाहिलात?”

“मंठ्याला, घरी. कलर आहे. नऊ ते दहा, पूर्ण. मी प्रत्येक भागाच्या नोंदी काढतो.” त्यांनी खरोखरच वही काढली. अकराव्या भागाखाली लिहिलं होतं: ‘वेशभूषा: करडा कोट, लाल मफलर (संपूर्ण भागभर तोच, निर्मात्याची काटकसर).’

द्वारकाबाईंनी ती ओळ दोनदा वाचली आणि वही परत दिली.

“सर, गुरुजींना निलंबित केलं तर चौथीचा वर्ग कोण घेईल?”

रखमाजी सरांनी रुमालाची घडी उलगडली, पुन्हा घातली. “मलाच घ्यावा लागेल. त्याच्यासारखा न्हाई येणार.” एवढ्या वेळात पहिल्यांदाच त्यांच्या बोलण्यात ‘न्हाई’ आला. “मॅडम, मी त्याच्यावर जळतो, हे खरं आहे. पण जळणं वेगळं.”

सर गेले. द्वारकाबाई उठल्या आणि पदर खोचला.

“तुमच्या सरांनी हा अर्ज लिहिला असता तर मफलर लालच राहिला असता,” त्या म्हणाल्या. “चला, सरपंचांकडे. तिथे लाल तरी आहे. हिरवा कुठून आला ते बघू.”

४

सरपंच अप्पारावांचं अंगण मोठं होतं. टीव्हीला स्वतःचं लाकडी कपाट होतं, कपाटाला कुलूप होतं, आणि कुलपाची किल्ली अप्पारावांच्या कडदोऱ्याला होती. ओसरीवर खुर्चीत त्यांचे वडील अण्णासाहेब बसले होते. चौऱ्याहत्तर वर्षांचे, जुने पोलीस पाटील, अंगात कोट, हातात काठी. दोन्ही गुडघे गेलेले. आम्ही नमस्कार केला तेव्हा त्यांनी मान किंचित हलवली आणि समोरच्या चिंचेकडे बघत राहिले.

“मास्तर हुशार हाय,” अप्पाराव म्हणाले. “पण फौजेबद्दल बोलायचं म्हंजे जरा इचार करून. तिकडं आपले जवान बर्फात उभे हायत आणि हा इथं बसून त्यांच्या चुका काढून राह्यला.”

“तो मेजर नट आहे, सरपंच,” मी म्हणालो.

“नट असला म्हणून काय झालं? वर्दी तर घातल्ती ना?”

द्वारकाबाईंनी विचारलं, “पहिला अर्धा तास संपला की इथे काय होतं?”

“काय व्हणार? अंधार. साठ माणूस बसल्यालं असतं. मी कंदील लावतो. मंग मी पुढं काय झालं असंल त्याच्यावर चार शब्द बोलतो. कोणी उठत न्हाई.”

“कोणीच?”

“विचारा कोणालाबी. माझं बोलणं चालू असताना उठायची कोणाची टाप हाय?”

साठ साक्षीदार असलेला माणूस संशयित म्हणून फार दिवस टिकत नाही. शिवाय दुसरा अर्धा तास तो स्वतःच बोलत होता.

अप्पारावांची बायको कौसल्या चहा घेऊन आली. द्वारकाबाईंनी तिला जवळ बसवलं, आणि मालिकेऐवजी एवढ्या माणसांचं चहापाणी कसं उरकता, असं विचारलं.

“चहाचं काय न्हाई बाई, त्याची सवय झाली,” कौसल्या हळू आवाजात म्हणाली. “काळजी मामंजींची. आठवडाभर भाकरी-ठेचा सगळं पचतं. पण शुक्रवार आला की पोट बिघडतं. बत्ती घेऊन जातेत, अर्ध्या तासानं येतेत. मी म्हणलं कोणाला संगं घेऊन जा, तर अंगावर येतेत. ओव्याचा अर्क दिला, बडीशेप दिली.”

“किती वाजता बिघडतं?”

“एका शुक्रवारी नऊला, एका शुक्रवारी साडेनवाला. आलटून पालटून. असं कुठं दुखणं असतं का, तुम्हीच सांगा.”

द्वारकाबाईंनी चहा संपवला. बशी खाली ठेवताना त्यांनी ओसरीकडे पाहिलं नाही. मी पाहिलं. अण्णासाहेब अजून चिंचेकडेच बघत होते, पण काठीवरचा हात घट्ट झाला होता.

५

गुरुजींचं घर ओढा ओलांडला की तिसरं. गुरुजी शाळेत होते. त्यांची आई गोजरबाई चुलीपुढे उकिडवी बसून भाकरी थापत होती. सत्तरीची बाई, पण आम्हाला बघून चटकन उठली, पाणी दिलं आणि पुन्हा तशीच सहज खाली बसली.

“माझा पोरगा घरी बसणार का हो बाई?” तिने सरळच विचारलं. “खरं सांगा. ह्या आळीतून पह्यला मास्तर तो झाला. तो गेला तर लोक म्हणतील, बघा, शिकून हेच केलं.”

“ते ठरवायलाच आले,” द्वारकाबाई म्हणाल्या. “तुमचा टीव्ही बघू का?”

गोजरबाईने भरतकामाचं कापड काढलं. खाली साधा ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही होता. मात्र पडद्यावर प्लास्टिकचा रंगीत कागद बसवलेला. वर निळा पट्टा, मध्ये गुलाबी, खाली हिरवा. पूर्वी बाजारात मिळायचे असे. साध्या टीव्हीला रंगीत करायचा स्वस्त उपाय.

“धर्मराजच्या बापानं आणल्ती ही काच,” गोजरबाई म्हणाली. “गेले ते. आता काढवत न्हाई. बातम्या देणाऱ्या बाईचं डोस्कं निळं आन् पोट हिरवं दिसतं. माणूस उभा राह्यला तर गळ्याला निळा, खाली बसला तर हिरवा. आम्ही आता रंगाचं काय बोलतच न्हाई.”

द्वारकाबाई बराच वेळ त्या हिरव्या पट्ट्याकडे बघत होत्या.

“सगळे कुठे बसतात?”

“हितं, खाली. तीस-पस्तीस जण. सतरंजी टाकतो.”

“आणि ती खुर्ची?”

चुलीच्या खोलीत, दाराच्या आड, एक लाकडी खुर्ची होती. तिथे बसलं की बाहेरच्या खोलीतल्या कोणाच्या नजरेत सहज येणार नाही, पण उघड्या दारातून टीव्ही सरळ दिसेल.

परत चुलीपुढे बसलेल्या गोजरबाईचा भाकरीवरचा हात थांबला. “माझी. गुडघे दुखतेत.”

उकिडव्या बसलेल्या त्या बाईकडे द्वारकाबाईंनी पाहिलं.

“मावशी, इथे कोण येऊन बसत होतं?”

“कोणी न्हाई.”

“मुलाची नोकरी जाईल.”

गोजरबाईने भाकरी तव्यावर टाकली. दारात आळीतल्या चार बाया येऊन उभ्या होत्या. द्वारकाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी जमिनीकडे पाहिलं.

“बाई,” गोजरबाई म्हणाली, “घरात येऊन च्या पिऊन गेलेल्या माणसाचं नाव मी सरकारला सांगू? त्याच गोष्टीसाठी तर धर्मराज त्या मेजरला तेवढं बोलला. मंग मी तेच करू?”

६

शाळेकडे परतताना द्वारकाबाई ओढ्यात मधोमध थांबल्या.

“आता तुम्हाला सांगते,” त्या म्हणाल्या. “मफलर होता लाल. तुम्ही पूर्ण भाग कलर टीव्हीवर पाहिला, सरांनी पाहिला, दोघांनाही लालच दिसला. खालच्या आळीच्या लोकांनी फक्त शेवटचा अर्धा तास पाहिला, आणि त्यांना त्या काचेची सवय आहे. तिच्यातला रंग ते खरा धरत नाहीत. वरच्या आळीने पहिला अर्धा तास पाहिला. त्यांना लाल माहीत, पुढचं माहीत नाही. मग आधी लाल आणि मग हिरवा असा मफलर कोणाला दिसेल?”

“जो पहिला अर्धा तास सरपंचांच्या अंगणात बसला,” मी सावकाश म्हणालो, “आणि दुसरा अर्धा तास गुरुजींच्या घरी.”

“आणि ज्याला ती काच माहीत नव्हती. दाराआडून, म्हाताऱ्या डोळ्यांनी बघणारा. त्याला वाटलं मास्तरकडेही कलर टीव्ही आहे. त्यात मेजर दुकानात खाली बसला, गळा आला हिरव्या पट्ट्यात. झाला वेश पालटून. बिचारा किती खूश झाला असेल! आपल्याला जे दिसलं ते मास्तरला दिसलं नाही.”

“पण साठ माणसांतून उठून गेला कसा?”

“पोट बिघडलं म्हणून. म्हाताऱ्या माणसाच्या पोटाबद्दल भर सभेत कोणी प्रश्न विचारत नाही. तुमच्या मेजरला तेरा भागांत इतका चांगला परवाना मिळाला नसेल. वीज वरच्या आळीला आधी असेल त्या शुक्रवारी साडेनऊला बिघडायचं, नंतर असेल त्या शुक्रवारी नऊला. आणि ज्याला खाली बसता येत नाही अशा माणसासाठी त्या माउलीने चुलीजवळ खुर्ची ठेवली.”

“मग सुटलं की कोडं. लिहा अहवाल!”

द्वारकाबाईंनी चष्म्याचा दोरा सारखा केला.

“काय लिहू? काच, खुर्ची आणि ओव्याचा अर्क? खालची आळी साक्ष देणार नाही. अर्जदार सापडला नाही की खातं अर्ज सोडून कात्रण धरतं, आणि कात्रणावर गुरुजींचं नाव छापलेलं आहे. अर्ज ज्याने लिहिला त्यानेच सहीनिशी मागे घेतला तर फाइल बंद होते. दुसरी वाट नाही.”

“पण गुरुजींनी त्यांचं वाकडं काय केलं होतं?”

“ते त्यांच्याच तोंडून ऐकू. गावातल्या जाणत्या माणसाचं मत हवंय म्हणून निरोप पाठवा. ते येतील. मत विचारलं की माणूस येतोच.”

७

दुपारी तीन वाजता अण्णासाहेब शाळेत आले, अप्पारावांच्या हाताला धरून. वर्गात एका बाजूला धर्मराज गुरुजी उभे होते. चाळिशीचा, बारीक चणीचा माणूस. बाहीवर खडूची भुकटी. गोजरबाई दाराशी बसली होती. गुरुजींनी नमस्कार केला. अण्णासाहेबांनी खिडकीबाहेर पाहिलं.

द्वारकाबाईंनी कोणावर आरोप केला नाही. अंगण, फ्यूज, काच, खुर्ची एवढं त्यांनी ओळीने सांगितलं, पाढे म्हणावेत तसं. नाव घेतलंच नाही. गरजही पडली नाही. निम्म्यातच अप्पारावांनी वडिलांचा हात सोडला.

“अण्णा?” ते म्हणाले. “तुम्ही खालच्या आळीत जात होते?”

अण्णासाहेब काठीच्या आधाराने खुर्चीत बसले. मग द्वारकाबाईंना म्हणाले, “तिसऱ्या भागाला मेजर विहिरीत लोंबकळून राह्यला होता, आणि ह्या भुजंगानं फ्यूज काढला. वर दुश्मन, खाली पाणी. मी निजू कसा, सांगा? म्हणलं, वढ्यापलीकडं उजेड हाय, दारातून बघून येऊ. गोजरानं आत घेतलं. खुर्ची दिली, च्या दिला. कोणाला सांगू नका म्हणलं, तर कोणी सांगितलं न्हाई.” त्यांनी काठीने गुरुजींकडे दाखवलं. “नऊ भाग कोणी सांगितलं न्हाई. आणि मंग ह्यानं छापून टाकलं.”

“मी मेजरवर लिहिलं होतं, अण्णासाहेब,” गुरुजी म्हणाले.

“दिवसा ओळख न्हाई आणि रात्री भाकरी! मेजरवर? सारं गाव वाचून राह्यलं होतं. प्रत्येकजण माझ्याकडंच बघतो, असं वाटत होतं मला.”

“गुरुजी,” द्वारकाबाई म्हणाल्या, “तुम्ही खरं सांगा. लिहिताना डोळ्यांपुढे मेजरच होता?”

धर्मराज गुरुजींनी बाहीवरची भुकटी झटकली. “पहिल्या दोन ओळींपर्यंत,” ते म्हणाले. “पुढं शनिवार आठवला. सकाळी मी ग्रामपंचायतीपाशी नमस्कार केला होता.”

द्वारकाबाईंनी एक कोरा कागद बाकावर ठेवला. “अर्ज मागे घेत असल्याचं लिहायचं. आणि दुसरा अर्धा तास कुठे बसून पाहिला तेही लिहायचं, कारण अर्ज चुकीच्या माहितीवर होता हे त्याशिवाय सिद्ध होत नाही. खाली सही. सक्ती नाही. कागद कोरा राहिला तर मी कोरा घेऊन जाते. सोमवारी आदेश निघेल.”

“अण्णा, सही करू नका,” अप्पाराव म्हणाले. “मास्तरचं मी बघतो. वर सांगून बदली करून घेतो, दुसऱ्या गावाला जाईल. हे कागदावर आलं तर आपल्याला लोकांत तोंड दाखवायला जागा राहणार न्हाई.”

“तोंड दाखवलं न्हाई म्हणूनच हे झालं, अप्पा,” अण्णासाहेब म्हणाले. त्यांनी कोटाच्या खिशातून पेन काढलं, ह्या खेपेला उजव्या हातात धरलं. तीन ओळी लिहायला त्यांना पाऊण तास लागला. मधे एकदा त्यांनी गोजरबाईला विचारलं, “तुझं घर कोण्या नंबरात येतं?” तिने नंबर सांगितला. त्यांनी तो लिहिला.

कागद वाचून दाखवायचा नियम आहे. द्वारकाबाईंनी वाचला: “अकराव्या भागाचा उत्तरार्ध मी श्रीमती गोजरबाई यांच्या घरी (घर नंबर ३७), त्यांच्या चुलीजवळ बसून, त्यांनी दिलेला चहा पिऊन पाहिला. इतर शुक्रवारीही तसेच. माझा अर्ज चुकीचा होता.” खाली लपेटदार, जुन्या वळणाची सही.

“साक्षीदार लागतील. दोन.”

गोजरबाईने अंगठा दिला. दुसऱ्या जागेकडे सगळ्यांनी पाहिलं, आणि मग अप्पारावांकडे. अप्पाराव दारातून बाहेर पडले. थोड्या वेळाने कौसल्या आत आली. ती बाहेर भिंतीशी उभी होती, हे कोणाला माहीत नव्हतं. सासऱ्याकडे न बघता तिने पेन उचललं, सातवी शिकलेल्या अक्षरात आपलं नाव लिहिलं आणि पदर डोक्यावर ओढून उभी राहिली.

द्वारकाबाईंनी कागद फायलीत घातला. त्यांच्या अहवालात दोनच वाक्यं होती, ती मी नंतर पाहिली. आदेशावर तारीख कधीच पडली नाही. गुरुजी पुढेही चौथीलाच शिकवत राहिले.

शाळा सुटायची घंटा झाली. अण्णासाहेब काठी टेकत उठले. गुरुजी त्यांना हात द्यायला पुढे झाले, पण त्यांनी तो घेतला नाही. गोजरबाईकडे वळून म्हणाले, “च्या टाकशील का?”

“दूध न्हाई आज,” ती म्हणाली. “कोरा चालंल तर या.”

ते निघाले. शाळेपासून ओढ्यापलीकडचं ते घर पाच मिनिटांवर आहे. चार वाजले होते, लख्ख ऊन होतं, आणि सगळं गाव कामावरून परतत होतं. अण्णासाहेबांना अर्धा तास लागला. गुडघ्यांमुळे थोडा, बाकीचा वेळ लागला तो वाटेत भेटणाऱ्या प्रत्येकाने “अण्णा, इकडं कुठं?” म्हणून विचारलं त्यामुळे, कारण दर वेळी ते थांबले आणि प्रत्येकाला त्यांनी सांगितलं.